म्युऑनचा हिशेब कुठे अडला होता?

७ एप्रिल २०२१ या एकाच दिवशी म्युऑन नावाच्या कणाबद्दल दोन गोष्टी जाहीर झाल्या. पहिली शिकागोजवळच्या फर्मिलॅबमधून आली. म्युऑनचं चुंबकत्व त्यांनी अतिशय बारकाईनं मोजलं होतं आणि ते सिद्धांताच्या आकड्याशी जुळत नव्हतं. दुसरी 'नेचर' या साप्ताहिकात छापून आली. बुडापेस्ट, मार्सेय आणि वुपर्टाल इथल्या शास्त्रज्ञांच्या गटानं तोच सिद्धांताचा आकडा महासंगणकावर मुळापासून काढला होता आणि तो मोजमापाच्या बराच जवळ गेला होता. पहिल्या बातमीला जगभर मथळे मिळाले, 'निसर्गातलं नवं बल' वगैरे. दुसरी बातमी वाचलेला माणूस मला ओळखीपाळखीत बरेच दिवस भेटला नाही, आणि माझ्या ओळखीत फिजिक्स शिकवणाऱ्यांचाच भरणा आहे.

मी स्वतः कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले. संशोधक नव्हे, शिक्षिका. पण मला तेव्हाही वाटलं होतं आणि आता तर खात्रीच आहे की त्या दिवशीची मोठी बातमी दुसरी होती. ती नीट सांगायची तर थोडं मागून यावं लागेल.

फिरणाऱ्या विद्युतभारित कणाला चुंबकत्व असतं. ते किती, हे ज्या आकड्यानं सांगतात त्याला 'जी' म्हणतात. पॉल डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणातून इलेक्ट्रॉनसाठी त्याचं उत्तर नेमकं २ येतं. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत आमच्याकडे हा प्रयोग होता. डीपीपीएच नावाच्या पुडीची छोटी काचनळी एका वेटोळ्यात ठेवायची, दोन्ही बाजूंनी मोठी वेटोळी, आणि सीआरओच्या पडद्यावर दिसणाऱ्या टोकांमधलं अंतर मोजायचं. मुलांचं उत्तर कधी १.९ यायचं, कधी २.१. मग जर्नलमध्ये 'प्रमाणित किंमत २' असं लिहून ती सहीला उभी. एखादा चौकस मुलगा विचारायचा, "मॅडम, पुस्तकात २.००२३ दिलंय, मग हे वरचं कुठून आलं?" पाच टक्के इकडेतिकडे होणाऱ्या प्रयोगात तिसऱ्या दशांशाबद्दल काय बोलणार! पण प्रश्न बिनतोड होता. गेल्या पाऊण शतकातल्या किती तरी थोर माणसांनी त्या एका प्रश्नापायी आयुष्य घालवलं आहे.

ते वरचं येतं पोकळीतून. आपण जिला रिकामी म्हणतो त्या पोकळीत सतत वर्दळ असते. कण स्वतःच एक फोटॉन सोडतो आणि परत घेतो. मधल्या अत्यल्प वेळात त्या फोटॉनचे कण-प्रतिकण होतात, ते पुन्हा एक होतात. या उलाढालीमुळे कणाचं चुंबकत्व किंचित वाढतं. ज्युलियन श्विंगरनं १९४८ मध्ये या वाढीची पहिली पायरी मोजली: २ च्या वरचा जो भाग, त्याचं निम्मं म्हणजे ०.००११६. या निम्म्या भागालाच यापुढे मी 'वाढ' म्हणेन.

म्युऑन हा भाराच्या बाबतीत हुबेहूब इलेक्ट्रॉन. फक्त वस्तुमान २०७ पट, आणि आयुष्य साधारण २.२ मायक्रोसेकंद. वस्तुमान जास्त म्हणून पोकळीतल्या जड पाहुण्यांची चाहूल त्याला इलेक्ट्रॉनपेक्षा चाळीस हजारपटींहून जास्त लागते. अजून न सापडलेला एखादा जड कण असेल तर तो म्युऑनच्या वाढीत डोकावेल, या आशेनं सगळे त्याच्यामागे लागले. पहिलं मोजमाप सर्नमध्ये साठहून जास्त वर्षांपूर्वी झालं. मग अमेरिकेतल्या ब्रुकहेवनमध्ये, आणि शेवटी फर्मिलॅबमध्ये. ब्रुकहेवनचं चुंबकाचं कडं २०१३ मध्ये तराफ्यावर चढवून अटलांटिकच्या किनाऱ्यानं, फ्लोरिडाला वळसा घालून, नद्यांमधून आणि शेवटी ट्रकवर, पाच हजार किलोमीटरचा प्रवास करवून शिकागोला नेलं. नवं बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडणार होतं.

मोजण्याची युक्ती मला फार आवडते. चुंबकीय क्षेत्रात म्युऑनचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत फिरतो. १४ मीटर व्यासाच्या त्या कड्यात म्युऑन गोल धावत असतात. जी नेमका २ असता, तर धावण्याची दिशा आणि अक्ष बरोबरीनं वळले असते, कधीच फारकत झाली नसती. प्रत्यक्षात अक्ष दर फेरीला सुमारे १२ अंश पुढे जातो. साधारण २९ फेऱ्यांत एक अख्खं वळण जादा. म्हणजे इथे २ मोजून त्यातून काही वजा करावं लागत नाही, थेट जादा भागच हाती येतो. म्युऑन विरतो तेव्हा निघणारे वेगवान पॉझिट्रॉन अक्षाच्या दिशेनं जास्त सुटतात. कड्याच्या आतल्या बाजूला बसवलेले २४ शोधक ते मोजतात, आणि मोजणी एका ठरावीक तालात कमीजास्त होते. तो ताल म्हणजे उत्तर.

आणखी एक. उत्तर आपल्या मनासारखं यावं असा मोह कोणालाही होतो, म्हणून प्रयोगाच्या मुख्य घड्याळाचा वेग मुद्दाम थोडा बिघडवून ठेवला होता. नेमका किती, ते चमूबाहेरच्या दोघांनाच ठाऊक. आकडा बंद पाकिटात. सगळं विश्लेषण संपल्यावर, फेब्रुवारी २०२१ मध्ये, करोनामुळे सगळे घरोघरी बसून ऑनलाइन जमले आणि पाकीट फोडलं. ब्रुकहेवनचाच आकडा पुन्हा आला होता.

आता सिद्धांताची बाजू. ०.००११६५९२०७१ हा आकडा तोंडात बसत नाही, म्हणून दशांश चिन्ह काढून टाकू. एकक शंभर अब्जावा भाग. मग म्युऑनची वाढ होते ११,६५,९२,०७१. यातले ११,६५,८४,७१९ निव्वळ फोटॉन, इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या भाईबंदांचे. तोइचिरो किनोशिता आणि सहकाऱ्यांनी या हिशेबाची पाचवी पायरी २०१२ मध्ये पूर्ण केली, तीत १२,६७२ आकृत्या होत्या. त्यावर कोणाचा वाद नाही. क्षीण बलाचे जेमतेम १५४. राहिले सात हजारांच्या थोडे वर, आणि २०२१ मध्ये मोजमाप आणि सिद्धांत यांच्यातला फरक होता २५१. म्हणजे अकरा कोटींचा हिशेब चोख, आणि सगळा तंटा शेवटच्या सात हजारांतल्या अडीचशेंवर.

हे सात हजार मेसॉनचे.

फोटॉनमधून क्षणभर क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांची जोडी निघू शकते. क्वार्कना बांधणारं बल मात्र विलक्षण आहे. अंतर वाढलं की ते ढिलं पडत नाही. त्यामुळे क्वार्क सुटे फिरत नाहीत, त्यांची जोडी बांधली जाऊन मेसॉन बनतो. सर्वांत हलके मेसॉन म्हणजे पायॉन. फोटॉनचा खास सोबती म्हणजे ऱ्हो मेसॉन, जो जवळपास लगेच दोन पायॉनांत फुटतो. मेसॉनच्या वाट्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग या दोन पायॉनवाल्या वाटेनंच येतो. आणि नेमकी इथेच कागद-पेन्सिल निकामी ठरते. फोटॉनच्या हिशेबात प्रत्येक पुढची पायरी आधीच्या पायरीपेक्षा खूप लहान असते, म्हणून चार-पाच पायऱ्यांत भागतं. क्वार्कच्या बाबतीत, या ऊर्जांना, पुढची पायरी लहान होतच नाही.

या सात हजारांखेरीज मेसॉनचा आणखी एक छोटा वाटा आहे, शंभराच्या आसपासचा. त्यात फोटॉन फोटॉनवर आपटतात आणि मध्ये तटस्थ पायॉन, ईटा असे मेसॉन येतात. छोटा, पण २००१ मध्ये यानंच सगळ्यांची भंबेरी उडवली. ब्रुकहेवननं फेब्रुवारीत जाहीर केलं की मोजमाप आणि सिद्धांत जुळत नाहीत. वर्षअखेरीस फ्रान्समध्ये मार्क क्नेश्ट आणि आंद्रेआस निफेलर यांनी दाखवलं की तटस्थ पायॉनच्या वाट्याचं चिन्हच उलटं धरलं गेलं आहे. वजा नव्हे, अधिक. आधीचं गणित करणाऱ्या किनोशिता आणि हायाकावा यांनी शोध घेतला तेव्हा कळलं की गणित करणाऱ्या संगणकप्रणालीतला एक संकेत त्यांच्या संकेताशी जुळत नव्हता. त्यांनी तसं प्रांजळपणे छापून टाकलं. फरक बराच आटला. वर्गात चिन्हाची चूक म्हणून अर्धा मार्क कापणाऱ्या आम्हा शिक्षकांना ही गोष्ट तोंडपाठ हवी.

सात हजारांकडे परत. कागदावर जमत नाही म्हणताना अनेक वर्षं एक वेगळी वाट वापरली गेली: निसर्गालाच विचारायचं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवले की वेगवेगळ्या ऊर्जांना किती मेसॉन निघतात ते मोजायचं. गणिताचा एक पक्का नियम सांगतो की त्या मोजणीवरून पोकळीतल्या क्षणिक मेसॉनचा वाटा काढता येतो. रोमजवळच्या फ्रास्काती इथला क्लोए, कॅलिफोर्नियातला बाबार, असे प्रयोग यासाठी कामी आले. यात मुंबईच्या एका माणसाचं नाव रोज घेतलं जातं. किती पायॉन निघाले हे सांगायला एकूण टकरी किती झाल्या ते ठाऊक हवं, आणि ते कळतं इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन एकमेकांवरून नुसते उडून किती वेळा गेले यावरून. हे उडणं नेमकं किती व्हावं याचं गणित होमी भाभांनी केंब्रिजमध्ये केलं, १९३६ मध्ये प्रसिद्ध झालं. जगातल्या प्रत्येक अशा प्रयोगशाळेत त्याला आजही भाभा स्कॅटरिंगच म्हणतात.

या वाटेनं २०२० मध्ये सर्वसंमतीनं आकडा निघाला ६,९३१, चूक ४० इकडेतिकडे. फर्मिलॅबनं तुलना केली ती याच्याशी. आणि त्याच सकाळी 'नेचर'मध्ये छापला गेला तो आकडा होता ७,०७५.

तो कसा काढला? १९७४ मध्ये केनेथ विल्सननं एक धाडसी कल्पना मांडली. अवकाश आणि काळ सलग न धरता चार मितींची एक जाळी धरायची. क्वार्क जाळीच्या गाठींवर, आणि त्यांना बांधणारं ग्लुऑनचं क्षेत्र गाठींना जोडणाऱ्या दुव्यांवर. मग ते क्षेत्र कोणकोणत्या अवस्थांत असू शकेल याचे नमुने संगणकाकडून, योग्य त्या शक्यतेनुसार, यादृच्छिक काढून घ्यायचे आणि हजारो नमुन्यांची सरासरी घ्यायची. ब्रुकहेवनच्या मायकेल क्रॉइट्झनं १९८० च्या सुमारास छोट्या जाळ्यांवर हे चालतं हे दाखवलं. टॉम ब्लूमनं २००३ मध्ये म्युऑनसाठी मेसॉनचा वाटा जाळीवर पहिल्यांदा मोजला. उत्तर ढोबळ होतं, पण वाट दिसली. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही (टीआयएफआर) जाळीवरची गणितं वर्षानुवर्षं चालू आहेत, मात्र तिथला भर तापलेल्या क्वार्कद्रव्यावर आणि जड क्वार्कांच्या कणांवर.

बुडापेस्ट-मार्सेय-वुपर्टाल गटाच्या बारीक जाळीचे आकडे बघा. अवकाशाच्या तिन्ही बाजूंना ९६ बिंदू, काळाच्या बाजूला १४४. एकूण १२ कोटी ७४ लाखांवर. दोन बिंदूंतलं अंतर ०.०६४ फेम्टोमीटर, म्हणजे सगळी पेटी सहा फेम्टोमीटरची, तीन-चार प्रोटॉन शेजारी शेजारी बसतील एवढी. इतक्या चिमुकल्या जागेसाठी जर्मनीतल्या युलिश इथले आणि इतर महासंगणक राबले.

मला सगळ्यात रस वाटतो तो एका किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नात. जाळीचं अंतर ०.०६४ फेम्टोमीटर आहे, हे संगणकाला कोण सांगतं? कोणीच नाही. संगणकाला फेम्टोमीटर माहीत नसतो, त्याच्याकडे फक्त 'एक घर, दोन घरं' असतात. म्हणून आधी त्याच जाळीवर ओमेगा नावाच्या कणाचं वस्तुमान घरांच्या मापात काढायचं, ते प्रयोगशाळेत मोजलेल्या १,६७२ एमईव्हीशी ताडून बघायचं, आणि मग एक घर म्हणजे किती ते ठरवायचं. त्यात अर्धा टक्का चुकलात तर म्युऑनच्या उत्तरात एक टक्का चुकता. आणि अडीचशे एककांसाठी सगळं भांडण चाललेलं असताना सात हजारांचा एक टक्का म्हणजे सत्तर!

दुसरी अडचण शेपटीची. जाळीवर एका ठिकाणी क्वार्कजोडी निर्माण करायची आणि काही काळानंतर तिचा पत्ता लागतो का ते पाहायचं. काळ वाढत गेला की खरा संकेत झपाट्यानं क्षीण होतो, पण नमुन्यांमधला गोंधळ तेवढा कमी होत नाही. म्युऑनला तर नेमका दूरचा, पायॉनवाला भाग फार हवा असतो. त्यात पेटी लहान, म्हणजे पायॉन भिंतींना टेकणार. तो परिणाम पकडायला गटानं ११ फेम्टोमीटरची वेगळी मोठी पेटी घेतली. त्याखेरीज अप आणि डाउन क्वार्कांच्या वस्तुमानांतला फरक, क्वार्कांचा स्वतःचा विद्युतभार, जाळी बारीक करत करत सलग अवकाशापर्यंत पोचणं. या दुरुस्त्यांची यादी वाचतानाच दम लागतो.

साहजिकच पहिली प्रतिक्रिया संशयाची होती. एकाच गटाचं उत्तर, तेही प्रस्थापित आकड्याच्या विरुद्ध. मग इतर गटांनी शहाणपणाची गोष्ट केली. शेपूट आणि सुरुवात दोन्ही सोडून मधला तुकडा, ०.४ ते १ फेम्टोमीटर एवढाच, तपासायला घेतला. एकूण वाट्याचा हा तिसरा हिस्सा, पण इथे गोंधळ कमी आणि भिंतीही दूर. माइन्झ, युरोपातले इतर, अमेरिका-ब्रिटनचे, फर्मिलॅबशी संलग्न, सगळ्यांनी आपापल्या वेगळ्या पद्धतीच्या जाळ्या लावल्या. काहींनी तर प्रयोगवाल्यांसारखं स्वतःच्याच आकड्यांना गुप्त गुणक लावून ठेवला. २०२२-२३ पर्यंत सगळे एकाच जागी पोचले. आदळआपटीच्या मोजणीवरून निघणारा आकडा त्याहून स्पष्टपणे कमी होता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आणखी एक धक्का बसला, आणि तोही विरुद्ध छावणीतून. सैबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कच्या सीएमडी-३ प्रयोगानं पायॉन नव्यानं मोजले. त्यांची संख्या क्लोए आणि बाबार या दोघांहून जास्त आली, जाळीवाल्यांच्या बाजूला झुकणारी. क्लोए आणि बाबार यांचं आपसात तरी कुठे पटत होतं!

मे २०२५ मध्ये जगभरच्या सिद्धांतकारांनी एकत्र बसून नवा आकडा ठरवला. या वेळी मोठा वाटा पूर्णपणे जाळीवरून घेतला: ७,१३२. जुन्या पद्धतीचे आकडे आपसातच भांडत असल्यामुळे ते बाजूला ठेवले. लगेच ३ जूनला फर्मिलॅबनं आपला शेवटचा निकाल दिला, एक अब्जात १२७ एवढ्या अचूकतेचा, ठरवलेल्या उद्दिष्टाहूनही सरस. फरक उरला ३८, आणि सिद्धांताची अनिश्चितता ६०च्या वर. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. नवं बल सापडलं नाही.

यावर निराश झालेले मला भेटतात. मला ते पटत नाही. अडीचशेंचा फरक होता तेव्हा तो कोणाचा, निसर्गाचा की हिशेबाचा, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. आता येतं. क्वार्कचा सिद्धांत पन्नास वर्षं आपण मान्य केला, पण त्याच्यातून मुळापासून एक टक्क्याहून कमी चुकीचं उत्तर काढून दाखवणं हे काल-परवाचं काम आहे. हे काम करणाऱ्यांचे फोटो कुठे आले नाहीत, एवढंच.

काम संपलेलंही नाही. सिद्धांताचा आकडा अजून मोजमापाच्या चौपट ढोबळ आहे. सीएमडी-३ आणि क्लोए यांच्यातल्या फरकाचं कारण हाती लागलेलं नाही. सर्नमध्ये म्युऑन इलेक्ट्रॉनवर आपटवून मेसॉनचा वाटा तिसऱ्याच वाटेनं काढायची तयारी चालली आहे, तर जपानमध्ये 'जी' दुसऱ्या पद्धतीनं मोजायची.

फिजिक्स शिकणाऱ्या आणि थोडंफार प्रोग्रामिंग येणाऱ्या मुलामुलींना मी एक सुचवेन. जाळीवरच्या गणिताचे मोठमोठ्या गटांचे कोड खुले आहेत, कोणीही उतरवून घ्यावेत. आणि त्यांनी दडपून जायला झालं तर स्वतः एक छोटी जाळी लिहा, चारही बाजूंना आठ-आठ बिंदूंची, फक्त ग्लुऑनची, क्वार्क नकोतच. ४,०९६ बिंदू होतात. साध्या लॅपटॉपवर आरामात चालते.